चित्रकार की कुंभार, हा प्रश्न मला मान्य नाही

जळगावात प्रदर्शन लावले की कोणीतरी आपुलकीने विचारतेच, “सर, चित्रे इतकी छान काढता, मग या मातीच्या नादी कशाला लागलात?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, परंतु भिंतीवरचे चित्र वरच्या पायरीचे आणि टेबलावरचे भांडे खालच्या पायरीचे, हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. ते मला मान्य नाही, आणि खानदेशात तर ते शोभतही नाही.

तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावाने पुरातत्त्वशास्त्रात एक संस्कृती ओळखली जाते, ती मुख्यतः तिच्या रंगवलेल्या मडक्यांवरून. सुमारे 4 हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या माणसांनी मडक्यांवर काळ्या रंगात बाणांची टोके, प्राणी, रोजची हत्यारे रेखाटली. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी 1955 मध्ये उत्खनन केले, तेव्हाही रंगीत खापरे हाती आली. त्या उत्खननाच्या कितीतरी आधी, 1870 च्या दशकात, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली भांडी घडू लागली, आणि त्यांवर आपल्या शेजारच्या अजिंठ्याची नक्षी उतरली. लेण्याच्या भिंतीवरचे चित्र सुरईवर आले म्हणून ते कमअस्सल झाले नाही.

भट्टीने मला चित्रकार म्हणून जे शिकवले, ते कॅनव्हासने शिकवले नसते. कॅनव्हासवर निळा रंग लावला की तो तिथल्या तिथे निळा दिसतो. भांड्यावर मात्र कोबाल्ट ऑक्साइड काळे लावायचे आणि ते निळे होऊन बाहेर येईल हे मनात धरून चालायचे. तांब्याचे ग्लेझ (भांड्यावर वितळून बसणारा काचेसारखा थर) भट्टीत हवा खेळती असेल तर हिरवे उतरते, हवा कोंडली तर लालही उतरते. रंग डोळ्यांसमोर नसताना, आठवणीच्या आणि नोंदवहीच्या भरवशावर ब्रश चालवावा लागतो. तेव्हापासून कॅनव्हाससमोरही माझी घाई कमी झाली आहे.

सध्या मी केळीच्या खांबांच्या राखेचे ग्लेझ करतो आहे. घड कापल्यावर रावेर-यावलच्या बागांत खांबांचे ढीग पडून असतात, पण वाळवून जाळल्यावर राख मूठभरच मिळते, कारण खांबात बहुतेक पाणीच असते. राखेत पोटॅश भरपूर असते; म्हणून ती भिजवून वरचे बुळबुळीत पाणी काढून टाकायचे (हातमोजे घालूनच, ते पाणी कातडीला झोंबते), मग वस्त्रगाळ करून फेल्स्पार (भट्टीत वितळणारे खनिज) आणि पांढरी माती मिसळायची आणि भांडे सुमारे 1250 अंश सेल्सिअसपर्यंत भाजायचे. ग्लेझ खांद्यावरून ओघळून खाचेत साचते तिथे गडद हिरवट होते, कडेवर पातळ पडते तिथे खालची तपकिरी माती डोकावते. जलरंगाचा ओला हात कागदावर असाच साचतो आणि विरळ होतो. हे पाहणाऱ्याने दोन कलांतली भिंत कुठे आहे ते मला दाखवून द्यावे.

शेतातली काळी माती चाकावर चालत नाही. ती आकसते फार, आणि उन्हाळ्यात जमिनीला पडतात तशाच भेगा भांड्याला पडतात. गाळाच्या मातीत लीद किंवा राख किती घालायची, हे मला कुंभारवाड्यातल्या एका वृद्ध बाबांनी शिकवले. मे महिन्यात तर काठ वाळून कोरडा पडतो तरी बूड ओलेच असते, म्हणून भांडी प्लास्टिकने आणि ओल्या गोणपाटाने झाकून हळूहळू वाळवावी लागतात. भट्टी थंड होताना 573 अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचे (गारेच्या कणांचे) आकारमान एकदम बदलते, आणि तिथे घाई झाली की तडा ठरलेला.

हे सारे झाल्यावर चित्राची किंमत निमूट देणारा माणूस वाटीच्या किमतीवर अडतो. आखाजीला पितरांसाठी भरायच्या घागरीवरही आपण अशीच घासाघीस करतो, आणि ती घडवणाऱ्याचे नाव विचारत नाही. फुटलेल्या, वाकलेल्या भांड्यांचा खर्च टिकलेल्या भांड्यानेच भरून काढायचा असतो, तो दुसरीकडून येत नाही.

आपल्या जिल्ह्यात प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, भांडी दाराजवळच्या टेबलावर विक्रीच्या वस्तू म्हणून मांडू नयेत. ती चित्रांच्या रांगेतच, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावीत, आणि चित्राखाली असते तशी घडवणाऱ्याच्या नावाची पट्टी त्यांच्याखालीही लावावी, मग तो कलाशाळेत शिकलेला असो वा कुंभारवाड्यात.