सोपो, बाल्कांव आणि ती सरकती काच

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या नुसते घरांचे फोटो पडतायत. दादा फोंड्याच्या बाजूला वडिलोपार्जित जागेत नवीन घर बांधतोय आणि रोज रात्री जेवणं झाली की वहिनी पिंटरेस्टवरनं डिझाइन टाकते, सगळी एकाच साच्यातली. काँक्रीटचा सपाट स्लॅब, जमिनीपासून छतापर्यंत काच, काच सरकवली की हॉल थेट लॉनमध्ये, लॉन थेट पूलमध्ये, आणि खाली लिहिलेलं असतं इनडोर-आउटडोर लिव्हिंग. दिसायला सुंदर, त्यात वादच नाही, मी स्वतः सेव्ह करून ठेवते. पण हे जसंच्या तसं उचलून गोव्यात आणायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. ग्रुपवर बोलले तर भांडण लागेल म्हणून इथे लिहितेय (वहिनी फेसबुकवर नाहीय).

पहिलं म्हणजे हे फोटो कुठले ते बघा ना. लॉस एंजेलिसच्या टेकडीवर एक स्टाल हाउस आहे, पिएर कोनिगने डिझाइन केलेलं, १९६० मध्ये पूर्ण झालं. काचेच्या भिंती, बाजूला पूल, खाली दिव्यांनी चमकणारं अख्खं शहर. आजच्या जवळजवळ प्रत्येक लक्झरी व्हिलाच्या ब्रोशरमध्ये मला तेच घर दिसतं. पण त्या शहरात वर्षभरात पाऊस पडतो साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर. आपल्याकडे वर्षाला ३००० च्या आसपास, म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा पाऊस आपला एकटा जुलै महिना पाडून मोकळा होतो. तिथे भिंतीच्या जागी काच लावली काय नि नुसता पडदा लावला काय, फारसं बिघडत नाही.

आणि थंडीच्या मुलखातसुद्धा हे प्रकरण सोपं गेलेलं नाही हां. मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टचं फार्न्सवर्थ हाउस, १९५१ चं, इलिनॉयमध्ये नदीकाठी, चारी बाजूंनी काच, जगभरच्या आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवतात ते. त्यात राहणारी डॉक्टर बाई उन्हाळ्यात उकडून निघायची, रात्री दिवा लावला की सगळे किडे काचेवर, शेवटी तिने व्हरांड्याला जाळी मारून घेतली. घर खांबांवर उचललेलं होतं तरी १९५४ मध्ये नदीचं पाणी आत शिरलं. आर्किटेक्ट आणि मालकीण कोर्टात भांडले ते आणखी वेगळंच. फोटोत यातलं काही दिसत नाही.

आता आपल्याकडे काय होतं. व्ह्यू हवा म्हणून मोठी काच लावायची ती नेमकी पश्चिमेला, जिथनं एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पण येणार आणि जूनपासून झड पण मारणार. ऊन आलं की पडदे ओढा, एसी लावा, एसी लावला की काच बंद. पाऊस आला की काच बंदच. त्यात लायट गेली की बसा आत घाम पुसत. सरकत्या काचेच्या खालच्या त्या ट्रॅकमध्ये माती, पानं, मुंग्या, आणि वाऱ्याबरोबर पाणी आत. आत-बाहेर एकाच लेव्हलला फरशी हवी हे तर नवीनच खूळ. अहो जोतं उंच घ्यायचे ते काय हौस म्हणून? अंगणातलं पाणी, विंचू, साप, सगळं पायरीखाली राहावं म्हणून. मग वर्षातले जेमतेम चार-पाच महिने ती काच उघडी राहणार, बाकी वेळ बाहेरची झाडं टीव्हीसारखी बघायची. याला आत-बाहेर जोडणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या हवेत आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक तिसरी जागा लागते. वर छप्पर आहे, बाजूला भिंत नाही, अशी. आपल्याकडे ती होतीच की! हिंदू घरात पुढे सोपो म्हणजे ओसरी, मोठं घर असलं तर मध्ये राजांगण म्हणजे आतलं अंगण, तुळस, आणि चारी बाजूंनी फिरता येईल असा छपराखालचा भाग. ख्रिश्चन घरांना पुढे बाल्कांव म्हणजे दारापुढची छपराखालची बैठक, दोन्ही बाजूंना सिमेंटची नाहीतर चिऱ्याची बाकं. उतरतं कौलारू छप्पर, वळचण चांगली तीन-चार फूट बाहेर आलेली, म्हणजे पागोळ्या समोर पडतायत आणि तुम्ही कोरडे बसून चहा पिताय. फारच झड मारायला लागली तर पावसाळ्यापुरती माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची, पाऊस गेला की काढून टाकायची. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, उजेड मऊ होऊन आत यायचा, डोळे दिपायचे नाहीत.

चवथीचं उदाहरण घ्या. भाद्रपदात पाऊस असतोच. पाहुणे, शेजारी, भजनाची मंडळी, पोरांचा दंगा, सगळे बसणार कुठे? लॉनवर चिखल, हॉलमध्ये गणपती आणि त्याच्यावर टांगलेली फळा-पानांची माटोळी, सोफ्यावर सहा माणसं. सोपो असला की प्रश्नच येत नाही.

आणि हे जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीय. मॉडर्न डिझाइनमध्ये हे करता येतं, करून दाखवलंय लोकांनी. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कुटुंब मूळचं आपल्या गोव्याचंच. मुंबईत त्यांची कांचनजंगा बिल्डिंग आहे, १९८३ ची, २८ मजली. तिथे पण हाच पेच, समुद्र पश्चिमेला, वारा तिकडून, व्ह्यू तिकडे, आणि ऊन-पाऊसही तिकडूनच. त्यांनी काय केलं, फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची आत ओढून घेतली, म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच वर चढवला. लांब कशाला, त्यांचीच पणजीची कला अकादमी बघा, रस्त्याकडून आत शिरून छपराखालून चालत चालत मांडवीपर्यंत जाता येईल अशीच कल्पना आहे ती, नक्की आत कधी गेलो आणि बाहेर कधी आलो ते कळतच नाही. श्रीलंकेत जेफ्री बावा या आर्किटेक्टने साठच्या दशकात कोलंबोत एना डिसिल्वा यांचं घर बांधलं, मध्ये मोठं अंगण, भोवती व्हरांडे, वर भलंथोरलं कौलारू छप्पर. पाऊस तिथेही धो धो. ते घर तर नंतर एकेक भाग सोडवून त्याच्या लुनुगंगाच्या बागेत नेऊन परत उभं केलं, एवढं मोलाचं वाटलं लोकांना.

अजून एक गोष्ट खटकते. आसगाव, शिवोलीकडे हल्ली ज्या व्हिला होतायत त्यांचं आउटडोर म्हणजे स्वतःचाच पूल आणि स्वतःचीच झाडं. रस्त्याकडे आठ-दहा फुटी कंपाउंड वॉल आणि कॅमेरा. बाल्कांवचं तोंड रस्त्याकडे असायचं. पोदेर म्हणजे पाववाला हॉर्न वाजवत आला, कोण चर्चला चाललं, कोणाची म्हैस कोणाच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत घुसली, सगळं तिथे बसून कळायचं. ते बाहेर या नवीन घरांनी पार कापून टाकलंय आणि वर निसर्गाशी नातं म्हणून मिरवतात. प्रायव्हसी हवी हे मला कळतं, चोवीस तास गाव आपल्या ताटात बघतोय हे नको वाटतं. पण दगडांचा बुटका गडगा आणि किल्ल्याचा तट यात काही फरक आहे की नाही?

जुन्या घरात सगळं छान होतं असं म्हणणारे बहुतेक सोप्यावर बसणारे पुरुष असतात, हेही सांगून टाकते. बायका मागे, धुरात, अंधारात. पुढून वारा खेळतोय आणि रांधपाच्या खोलीत एक बारकी खिडकी. म्हणून नव्या डिझाइनमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते, किचन बाहेर उघडतं. ओट्याशी उभं राहिलं की समोर अंगण, हात पुसत बाहेर पडलं की केळ, कडीपत्ता, हवा. याबाबतीत मी शंभर टक्के वहिनीच्या बाजूने. फक्त त्या किचनच्या दारापुढे काचेऐवजी आठ फुटांची पडवी द्या, नारळ सोलायला, मासळी निवडायला, कपडे वाळत घालायला, नुसतं बसायला. आठ म्हणजे आठ. चार फुटांचा व्हरांडा दिला की तिथे फक्त चपला राहतात.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला सोपो ठीक आहे, वळचण पण वाढवू, हॉलची पश्चिमेची काच अर्धी करू, आर्किटेक्टला सांगतो. तेवढं झालं. पूल मात्र ड्रॉइंगमध्ये अजून आहे आणि त्यावर वहिनी एक इंच हटायला तयार नाही.