कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं नाही

‘नेमणूकपत्रच नसेल तर कामगाराच्या हातात काही उरत नाही’ हे कामगारांच्या हक्कांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. आमच्याकडचे मालक नेमकं हेच सांगून पोरांना गप्प बसवतात. तोंडी बोलीवर ठेवलेला माणूसही कामगारच असतो. केलेल्या कामाचा पगार आणि किमान वेतन त्याला कागदाविना लागू होतं, आणि सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कमसुद्धा. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांनुसार, नेमणूकपत्र देणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. त्यानं ते दिलं नाही, त्याची शिक्षा कामगाराला कशापायी?

खरा प्रश्न पुराव्याचा असतो, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. माझा धाकटा भाऊ लातूरला एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता. काम सुटल्यावर मालक सरळ म्हणाला, ‘हा आमच्याकडं नव्हताच.’ पण काट्याच्या पावत्यांवर सही भावाचीच होती आणि मालकाचे व्हॉट्सॲपवरचे ‘उद्या लवकर ये’चे निरोप मोबाइलमध्ये तसेच होते. कामगार कार्यालयात अर्जासोबत हे जोडलं, तेव्हा मालकाची भाषा बदलली. (पैसे मात्र हप्त्याहप्त्यानं दिले, तेही कुरकुरत.) बँकेतली पगाराची नोंद, पीएफचं पासबुक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, गेटवरची हजेरी, सोबत्याची साक्ष, सगळं चालतं. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडून लागलेल्या पोरांसाठी आणखी एक: ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.