६४१ ने भाग जातो, त्यात काय एवढं?

नमस्कार, कमेंट दोनदा वाचली. (मूळ पोस्ट होती फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या अंदाजावर: २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा असा दर वेळी दुप्पट घात घेऊन १ मिळवला की येणारी संख्या नेहमी मूळच असते. ४२९४९६७२९७ पाशी तो चुकतो.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन सेकंदात कळतं, मी उगाच त्याचं कौतुक करत बसलोय, आणि वर 'फर्मा छातीठोकपणे चुकला' असं लिहून त्या माणसावर अन्याय केलाय.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो तुमचा बरोबर आहे. १६४० च्या पत्रात त्यानेच कबूल केलंय की याची पक्की सिद्धता माझ्याकडे नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा लागोपाठ पाच मूळ संख्या निघाल्यावर सहावी, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ (हीच आपली ४२९४९६७२९७), हीसुद्धा मूळच असणार असं कुणालाही वाटलं असतं. 'छातीठोकपणे' काढून टाकलंय.

पण कॅल्क्युलेटरचं काही पटलं नाही बुवा. ६४१ नेच भागून बघ हे त्याला सांगितलं कुणी? आंधळेपणाने भागत बसलात तर ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये हा भाजक शोधला, आणि पुढे त्यानेच दाखवलं की असा भाजक ६४ च्या पाढ्यात १ मिळवूनच येतो, म्हणजे उरल्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातही २५७ करायचीच गरज नाही, कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ केलं की बरोबर ४२९४९६७२९५ येतात, आपल्या संख्येपेक्षा २ कमी, त्यामुळे बाकी २ उरणार हे आधीच माहीत. चार भागाकार, खेळ खलास! (हाच ४२९४९६७२९५ म्हणजे ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा, प्रोग्रामिंगवाल्यांना तोंडपाठ असतो.)

आणि खरं तर भागाकारही नको. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१, त्याचा चौथा घात केला की ६२५ × २^२८ ची बाकी १. आता ६४१ म्हणजेच ६२५ + १६ पण आहे ना, मग ६२५ च्या जागी −१६ टाका, −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजे २^३२ + १ ला नि:शेष भाग. पोस्टकार्डाच्या मागे मावतं एवढंच.

बाकी कॅल्क्युलेटरवर इतकाच भरवसा असेल तर याच साच्यातली २ चा १०४८५७६ वा घात अधिक १ घ्या, तीन लाखांवर अंक आहेत. ती मूळ नाही हे पक्कं ठाऊक आहे, पण तिचा एकही भाजक अजून कुणाला सापडलेला नाही, भल्याभल्या कॉम्प्युटरांनाही नाही.

जाता जाता, मूळ पोस्टमध्ये मी ४२९४९६७२९७ च्या दुसऱ्या भाजकाचं, ६७००४१७ चं, ६७०४१७ करून ठेवलं होतं, एक शून्य खाल्लं. ६४१ ने गुणून बघितलं असतं कॅल्क्युलेटरवर तर तुम्हाला लगेच दिसलं असतं. दुरुस्त केलंय 🙂