जाड एजची बॅट आणि “गावच्या पोरांना काय कळतं”: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेनिस क्रिकेटसाठी बॅट कशी निवडावी यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. दुपारी वाचली, रात्री जेवल्यावर पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपन्या संशोधनावर पैसा ओततात, जाड एजच्या, म्हणजे जाड कडेच्या, वजनदार बॅटनेच चेंडू लांब जातो, मी सांगतो तसल्या हलक्या बॅटा लहान मुलांनी वापराव्यात, आणि “काका, गावच्या पोरांना बॅटमधलं काय कळतं, तुम्ही त्यांना उगाच मागे ओढता.”

आधी माझी चूक. एजच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा २०१८ मध्ये आली असं मी लिहिलं होतं. ती ऑक्टोबर २०१७ पासून आहे. तुम्ही दाखवून दिलंत, मी लेखात दुरुस्ती केली, आभारी आहे. पण एक साल चुकलं म्हणून अख्खा लेख “ऐकीव गप्पा” कसा काय होतो? आणि ते “काका”. आमच्याकडे मालवणात काका अशी हाक मारली की पुढचं बोलणं मान राखून असतं. तुमचं नव्हतं.

आता वजनदार बॅटचं. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. लॉन टेनिसचा जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅमचा. आपल्या स्पर्धांतला जड टेनिस चेंडू त्याहून वजनाला जास्त, तरी लेदरपेक्षा पुष्कळच हलका. एवढ्याशा चेंडूला किलोभराची बॅट आधीच भारी पडते. त्यात आणखी शंभर-दीडशे ग्रॅम घातले तर चेंडूला फारसं काही मिळत नाही, उलट हात मंदावतो. चेंडू लांब जातो तो बॅट किती वेगाने येते यावर. शिवाय टेनिसचा चेंडू मऊ, बॅटवर आदळला की तो स्वतःच चेपतो. तेव्हा “लाकडाचा रिबाऊंड”, म्हणजे लाकडाची उसळी, म्हणून स्टिकरवर जे छापतात, त्याचा लेदरला जेवढा उपयोग तेवढा इथे होत नाही. एज जाड असली की कडेला लागलेला फटका थोडा सावरतो, हे खरं. पण त्यासाठी बॅट वेळेवर खाली तरी यायला हवी!

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. बावीस वर्षं खेळलो. भात कापून झालं की मळ्यातल्या मेरा, म्हणजे बांध, सपाट करायच्या, तांबडी माती चोपून पीच करायचं आणि मे अखेरपर्यंत खेळायचं. एका वर्षी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याकडून ४५ मिलिमीटर एजची, मागे खोल स्कूप, म्हणजे कोरलेला खळगा, असलेली बॅट मागवली. मैदानात सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. आमचे जुने कप्तान तेवढे म्हणाले, “तुका ही झेपाची नाय.” मला राग आला. उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात पायात चेंडू आला, बॅट खाली येईपर्यंत मधला स्टंप आडवा. त्या मोसमात मनगट सुजलं ते पावसाळा संपेपर्यंत उतरलं नाही. तुम्ही विचारता, बॅटचा कारखाना पाहिलात का? नाही पाहिला. ते मनगट पाहिलंय.

आणि ज्या पोरांना काही कळत नाही म्हणता, त्यांच्यातला एक माझा भाचा, सतरा वर्षांचा. त्याची काश्मीर विलोची बॅट वाण्याच्या काट्यावर १ किलो १८० ग्रॅम भरली. तो स्वतः ती सुताराकडे घेऊन गेला आणि पाठीमागून रंधून घेतली. फिकट, कागदासारख्या पातळ कपच्या उंबऱ्यावर साचत होत्या आणि हा दर दोन हातांनंतर बॅट उचलून बघत होता. एकट्या डाव्या हातात बॅट आडवी धरायची आणि थांबायचं. टोक खाली झुकलं की अजून थोडं काढा. १ किलो ६० वर थांबला. ही बुद्धी त्याला कुठल्या जाहिरातीने दिली?

संशोधनाचंही एक सांगतो. २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडनने आखूड पात्याच्या, लांब दांड्याच्या मंगूस बॅटने दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा केल्या. केवढा गाजावाजा झाला होता. आज ती बॅट कुणाच्या हातात दिसते? हेडन मोठा होता, त्याला ती जमली. बाकीच्यांना जमली नाही.

ग्रेन्स, म्हणजे बॅटच्या लाकडावरच्या उभ्या रेघा, मोजण्याबद्दल आणि किमतीबद्दल जे लिहिलंत त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. ग्रेन्स म्हणजे झाडाची वर्षं, तुमचे षटकार नव्हेत. बॅट पावसाळ्यात दमट खोलीत ठेवू नये हे मी लेखात लिहिलंच आहे, लाकूड ओल धरतं आणि जड होतं. तुम्ही तो भाग वाचलेला दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. माझ्याबद्दलचं सगळं तसंच राहू दे. पण गावच्या पोरांबद्दलचं ते वाक्य तुम्ही स्वतः काढावं, एवढी विनंती आहे. ती पोरं हे सगळं वाचतात.