शिस्त बघायला चला जपानला

युरोप आता सगळ्यांचं झालंय. स्वित्झर्लंडच्या बर्फातला फोटो टाकला तर लोक लाइकही देत नाहीत. तेव्हा यंदा जपानला निघालात हे झकास केलंत. जपानला लोक देवळं, बागा आणि चेरीचा बहर बघायला जातात असा एक गैरसमज आहे. आपण जातो ते शिस्त बघायला. ती कशी बघावी एवढंच इथे सांगतो. पाळण्याची काळजी नको, त्यासाठी तिथे सुमारे बारा कोटी जपानी आहेत.

सुरुवात सामानापासून. टोकियोहून क्योटोला जाणाऱ्या शिंकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, २०२० पासून एक नियम आहे. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तिच्यासाठी जागेचं आधीच आरक्षण करायचं. हा नियम वाचू नका. तुमच्या बॅगेत दशम्या, मेतकूट, तीन प्रकारच्या चटण्या, दोन किलो फराळ आणि विजेची किटली आहे. ती १६० सेंटिमीटरमध्ये मावणार कशी? बॅग सरळ दाराशी उभी करा. गाडीतला कर्मचारी येऊन वाकेल, हळू आवाजात काहीतरी म्हणेल. तुम्हीही वाका. तो पुन्हा वाकला तर तुम्हीही पुन्हा वाका. क्योटो येईपर्यंत हे चालतं.

गाडी सुटली की घरी व्हिडिओ कॉल लावा, स्पीकरवर. तिथे डब्यात फोनवर बोलत नाहीत. ज्याला बोलायचंय तो उठून दोन डब्यांच्या मधल्या जागेत जातो. पण फुजी पर्वत दिसतो उजव्या हाताच्या खिडकीतून, मग मधल्या जागेत जाऊन करायचं काय? ‘‘दिसला का गं? नाही, ते ढग. त्याच्या मागे बघ. अगं, ढगाच्या मागे!’’ शेजारच्या जपानी माणसाने डोळे मिटले, तर त्याला झोप लागली असं समजावं.

सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडे. म्हणजे त्यांच्यातच एकमत नाही. आपण मधोमध उभं राहावं.

आता महत्त्वाचा विषय, ओन्सेन. म्हणजे गरम पाण्याची कुंडं. वज्रेश्वरीला जाऊन आलेल्या माणसाला यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. नवीन हे की इथे अंगावर चिंधीसुद्धा ठेवायची नाही. पोहण्याची चड्डीही चालत नाही. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, हे खरं. पण आपल्या माणसाला जपान्यांची लाज वाटत नसते, लाज वाटते ती टूरमधल्या जोशीकाकांची. सकाळीच ज्यांच्याशी बसमधल्या खिडकीवरून तू-तू मैं-मैं झाली, ते समोरच्या वाफेतून तशाच अवस्थेत येतात आणि ‘‘काय, पाणी कसं आहे?’’ विचारतात. अशा वेळी फक्त डोळ्यांत बघून उत्तर द्यावं. शिवाय कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची असते. अंघोळीसाठी अंघोळ करून जाणारी जात आहे ही, यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आजी बरोबर असतील तर आणखी एक सावधगिरी बाळगा. बऱ्याच ओन्सेनमध्ये गोंदवलेल्या माणसाला प्रवेश नसतो, कारण तिथे गोंदण म्हटलं की याकुझा, म्हणजे तिथले संघटित गुंड आठवतात. आजींच्या हातावरचं तुळशीवृंदावन बाहीखाली झाका. बाही नसते ही अडचण आहे खरी.

तिथल्या संडासाबद्दल मात्र चेष्टा नाही. युरोपभर पाण्याची बाटली लपवत फिरलेल्या माणसाला १९८० मध्ये बाजारात आलेला तो पाणी उडवणारा वॉशलेट बघून भरून येतं. बटणं मात्र विचारून दाबा. आणि तिथल्या खास सपाता घालून जेवणाच्या खोलीत येऊ नका. घरात चपला बाहेर काढणारे आपण, इथे तरी त्यांच्यापेक्षा मागे पडायला नको. तुम्ही आलात तरी कुणी काही बोलणार नाही म्हणा. फक्त सगळे तुमच्या पायांकडे बघतील.

जेवणाचं सोपं आहे. ‘नो मीट’ म्हणा आणि डोळे मिटून जेवा. सुपाला चव येते ती बोनिटो माशाच्या सुक्या कीसातून, हे मला माहीत आहे, तुम्हाला सांगायची माझी इच्छा नव्हती. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचून ठेवू नका, एवढं मात्र ऐका. तसा भात तिथे मेलेल्या माणसापुढे ठेवतात. पानात कावळ्याचा घास वाढलेला बघून आपल्याला जसं होईल, तसं त्यांना होतं. टिप द्यायची नसते. दिलीत तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतो. जपानच्या साऱ्या रिवाजांत हा एक आपण पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळतो.

क्योटोला गिओन भागातल्या काही खासगी गल्ल्यांमध्ये २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे. आत शिरल्यास दहा हजार येन दंड. कामावर निघालेल्या माइकोंच्या, म्हणजे पारंपरिक नाचगाणं शिकणाऱ्या शिकाऊ गेशांच्या, किमोनोची बाही धरून लोक फोटो काढायला लागले, म्हणून ही वेळ आली. ते लोक दुसऱ्या देशांचे होते, असं म्हणून पुढे चला.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे दिसत नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेच डबे उचलले ते उचललेच. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. तुम्ही वेफर्सचं रिकामं पाकीट बसमध्ये पुढच्या सीटच्या जाळीत खोचा, ती जाळी त्यासाठीच असते. आणि मग माइक हातात घेऊन तो किस्सा सांगा: नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली! टाळ्या पडतील. खाली ड्रायव्हर घड्याळाकडे बघत उभा असेल, कारण चौघं अजून शंभर येनच्या दुकानातून परतायची आहेत.

योगेंद्र पुराणिक यांचंही नाव घ्या. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर ते निवडून आले. आपला माणूस! त्यासाठी आधी जपानी भाषा शिकावी लागली, हा तपशील भाषणात बसत नाही.

परत आल्यावर खरं काम सुरू होतं. सोसायटीच्या बैठकीत कोणताही विषय निघो, ‘‘जपानमध्ये…’’ म्हणून उठा. तिथली मुलं शाळेत स्वतः वर्ग झाडतात, हे सांगताना आवाज जरा कापरा करा. नातवाच्या शाळेने असं काही सुचवलंच, तर आपण फी कशाची भरतो, हे पालकांच्या ग्रुपवर सर्वांत आधी तुम्हीच विचारा. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा ठराव आला की त्याला जोरदार पाठिंबा द्या. कामवाल्या बाईंना तसं सांगून ठेवता येईल.

पुढच्या वर्षी व्हिएतनामचं बघा. तिथल्या रस्त्यांवर स्कूटरवाले मनसोक्त हॉर्न वाजवतात. शिस्तीचं टेन्शन नाही, आणि नावं ठेवायलाही मोकळं रान.