ते कार्ड ठेवून जातात, आपण हसून निघून येतो

आज सकाळी कोथिंबीर, कढीपत्ता आणि तोंडली आणायला नेहमीच्या भारतीय किराणा दुकानात गेले होते. तेथून जे डोक्यात घेऊन आले ते संध्याकाळपर्यंत उतरले नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट लिहीत आहे. टेक्सासमधील बंदुकांविषयी वाचायचा ज्यांना कंटाळा आला आहे त्यांनी खुशाल पुढे जावे. कंटाळा मलाही आला आहे.

गेल्या महिन्यात त्या दुकानाच्या काचेच्या दारावर बंदूकबंदीचे फलक लागले. येथे नुसते फुली मारलेल्या पिस्तुलाचे चित्र चिकटवून भागत नाही. परवानाधारकाने लपवून आणलेल्या पिस्तुलासाठी दंडसंहितेचे कलम ३०.०६, कमरेला उघड अडकवलेल्या पिस्तुलासाठी ३०.०७, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून परवान्याची अटच गेल्यामुळे बिनपरवाना मंडळींसाठी ३०.०५, असा सगळा मामला आहे. परवानाधारकांसाठीचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेलाच हवा, तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा आणि अक्षरे निदान एक इंच उंचीची हवीत. त्यामुळे दाराची बहुतेक काच त्या पांढऱ्या अक्षरांनी भरून गेली आहे, गरब्याची जाहिरात सोना मसुरीच्या पोत्यांमागे गेली आहे, आणि ढोकळा आला की नाही हे पूर्वी बाहेरूनच दिसायचे, ते आता दिसत नाही.

पैसे देताना मी काउंटरवरच्या बेनना सहज म्हटले, की फलक लावलात हे फार बरे केलेत. त्यांनी गल्ल्याखालचा खण उघडला आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कार्डांची एक चळत माझ्यापुढे ठेवली. मी मोजली, अकरा होती. बंदूक चालत नसेल तर आमचे पैसेही मिळणार नाहीत, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर छापलेला होता. बंदूकवाल्यांमध्ये ही कार्डे तयार मिळतात. सामान न घेता दुकानदाराच्या हातात ठेवायची आणि निघायचे, अशी रीत आहे. बेन म्हणाल्या, "बहन, बोर्ड अच्छा है, ऐसा तो किसी ने बोला ही नहीं." मग, फलक काढून टाकावेत का, असे त्यांनी मलाच विचारले.

महिनाभरात अकरा माणसांनी नाराजी कळवली आणि एकानेही समाधान कळवले नाही. त्यांच्या वहीत आपण शून्य आहोत, हे त्या क्षणी मला कळले, आणि खरे सांगायचे तर राग आधी माझाच आला.

२०२२ च्या दिवाळीआधीच्या शनिवारी याच दुकानात, याच रांगेत मी उभी होते. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. आमच्या पुढच्या गृहस्थांच्या टोपलीत बाकरवडीची दोन पाकिटे, उटणे आणि पणत्या होत्या, आणि त्यांच्या उजव्या कमरेला काळ्या होल्स्टरमध्ये पिस्तूल होते. मोठ्या माणसाच्या नजरेला ते चटकन पडले नसते. सहा वर्षांच्या मुलाच्या मात्र ते बरोबर डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर होते. त्याने मोठ्याने विचारले, "आई, ही खरी आहे का गं?" ते गृहस्थ वळले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "हो रे बाळा, खरी आहे. घाबरू नकोस, काका चांगले आहेत."

आणि मी हसले. सणासुदीला परक्या माणसाशी जसे हसतो तसे, तोंड भरून हसले. पैसे दिले, सामान गाडीत ठेवले, घरी आले, चकलीची भाजणी मळली. दुकानदाराला एका शब्दाने काही बोलले नाही.

ते गृहस्थ चांगले असतील. नसतील असे मी म्हणत नाही. त्यांनी कायदाही मोडला नव्हता, कारण त्या दिवशी दारावर फलक नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे, की एखादा माणूस चांगला आहे की नाही, हे त्याने स्वतः सांगायचे आणि माझ्या मुलाने ते वीतभर अंतरावरून मान्य करायचे, ही कुठली व्यवस्था झाली?

आता मला कोणी बंदूक म्हणजे काय हे शिकवायला येऊ नये. मी सिंधुदुर्गातली आहे. आमच्या घरी शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, वानर आणि रानडुकरांसाठी, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की आजोबा ती निमूटपणे पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन येत. काजूच्या दिवसांत ती गेली की चरफडत, पण जमा करत. रानातून परतताना वाटेत कोणी चहाला बोलावले, तर बंदूक पडवीच्या कोपऱ्यात उभी राहायची आणि आजोबा आत जायचे. एकदा मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात बंदूक घेवन जावचा नसता गो." त्यांना कोणी एक इंच उंचीच्या अक्षरांत लिहून दाखवले नव्हते.

फलक पाहून खुनी माणूस परत जात नाही, हे मला मान्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ज्याने माणसे मारली, ज्यांची संख्या शेवटी २३ वर गेली, तो कुठलाही फलक वाचून थांबला नसता. पण फलक त्याच्यासाठी नाहीच. तो बाकरवडी घ्यायला आलेल्या चांगल्या काकांसाठी आहे; पार्किंगच्या जागेवरून ज्यांचा पारा चढतो त्यांच्यासाठी आहे, आणि दुकानदाराने "कृपया ही गाडीत ठेवून या" असे म्हटल्यावर त्याच्यामागे कायदा उभा राहावा, यासाठी आहे. फलक ओलांडून कोणी आत आले तर दोनशे डॉलरपर्यंत दंड होतो, पण तोंडी सांगूनही जो जात नाही त्याचा गुन्हा मोठा ठरतो आणि त्याला वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. मालकाच्या शब्दाला एवढे वजन असते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

एल पासोच्या त्या घटनेनंतर वॉलमार्टने गिऱ्हाइकांना उघडपणे बंदूक आणू नका अशी विनंती केली, आणि क्रोगर, वॉलग्रीन्स, सीव्हीएस यांनीही केली. त्याआधी २०१३ मध्ये स्टारबक्सने, २०१४ मध्ये टार्गेटने. या सगळ्या विनंत्याच. एवढ्या अवाढव्य कंपन्या "कृपया" म्हणून थांबल्या, आणि येथे कोथिंबिरीच्या जुडीवर चार पैसे सुटणाऱ्या नवरा-बायकोने कायद्याचा पूर्ण मजकूर दारावर लावला.

दुसरी बाजू मला माहीत नाही असे नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधल्याच किलीनच्या लूबीज उपाहारगृहात २३ माणसे मारली गेली. तेथे आईवडिलांबरोबर जेवायला आलेल्या सुझॅना हप यांनी, पिस्तूल लपवून बाळगू न देणाऱ्या तेव्हाच्या कायद्याला भिऊन, आपले पिस्तूल गाडीत ठेवले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे आईवडील गेले. त्यांच्यासमोर उभे राहून वाद घालण्याची माझी छाती नाही. तरीही मला त्या रांगेत पिस्तूल नको आहे.

दुपारी हे सगळे एका व्हॉट्सॲप गटात लिहिले, तर आपल्याच एका बंधूंनी उत्तर दिले, की त्या दुकानावर बहिष्कार घातला पाहिजे, हा आपल्या अधिकारांवर घाला आहे. आपल्या! सत्यनारायणाला आले की चपला फाटकाबाहेर काढणारा हा माणूस. पण किराणा दुकानाच्या उंबऱ्यावर काही उतरवून या म्हटले की यांना लगेच संविधान आठवते. गेल्या गणपतीत आमच्याकडे आरतीला साठ माणसे येऊन गेली. कोणाच्या सदऱ्याखाली काय होते, हे मी विचारले नव्हते. आज पहिल्यांदा ते डोक्यात आले आणि त्यानंतर मी गटात काही लिहिले नाही.

थोडी शांत होऊन सांगते. कार्ड ठेवणाऱ्यांचा मला राग आहे, पण त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. ते फलक वाचतात, फलक लावलेल्या दुकानांच्या याद्या ठेवतात, मालकाला तोंडावर सांगतात. आपण काय करतो? ६ मे २०२३ रोजी डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठजण मारले गेले, त्यांत भारतातून आलेली एक तरुण अभियंताही होती, तेव्हा आपण सगळ्यांनी प्रोफाइलचे चित्र बदलले, मेणबत्त्या लावल्या आणि पुढच्या शनिवारी त्याच रांगेत त्याच चांगल्या काकांमागे हसत उभे राहिलो. मी राहिले, म्हणून सांगते.

तेव्हा तुम्ही माझ्या मित्रयादीत आहात, म्हणजे या बाबतीत माझ्यासारखेच आहात असे मी गृहीत धरते. दारावर हे फलक दिसले की पैसे देताना एक वाक्य बोला. मोडक्या हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, पण मालकाला ऐकू जाईल असे बोला. फलक नसेल तर का नाही, हेही विचारा. आवडले ते मनात ठेवायचे आणि खटकले तर हसून सोडायचे, या आपल्या सभ्यपणाचा त्या वहीत हिशेब होत नाही.

बेनना मी सांगितले, की फलक काढू नका. त्या "देखते हैं" म्हणाल्या, आणि त्यात होकार होता की नुसता थकवा होता, हे मला कळले नाही. निघताना मुलगा दारापाशी थांबला. आता तो स्पॅनिशही थोडे वाचतो. एका अक्षराचा कोपरा सुटून वर आला होता, तो त्याने अंगठ्याने दाबून बसवला. हात काढताच तो पुन्हा वर आला.

घरी येऊन पावती पाहिली, तर कोथिंबिरीच्या दोन जुड्या बेननी बिलात धरलेल्याच नाहीत. उद्या शाळा सुटल्यावर पैसे द्यायला जाणार आहोत, आणि पारदर्शक चिकटपट्टीची गुंडाळी पिशवीत टाकून ठेवली आहे.