बोर्डाच्या वादात अमेरिकेची साक्ष

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात दरवर्षी तोच वाद पेटतो आणि त्यात अमेरिकेला साक्षीला बोलावले जाते. 2025 साली निकाल 94.10 टक्के लागला, 211 मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि माझ्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गुणांच्या खिरापतीपासून सुरू झालेली चर्चा दुसऱ्याच दिवशी ‘बोर्डच रद्द करा’ या मागणीवर येऊन थांबली. त्यासाठी दिलेला दाखला नेहमीचाच होता: अमेरिकेत बोर्ड नाही, म्हणून ताण नाही, मुले हसतखेळत शिकतात. पुढे सीबीएसईने 2026 पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा निम्मे काम झाले, आता उरलेलेही उरका, असा सूर लागला. हे लिहिणाऱ्यांपैकी एकाचेही मूल अमेरिकेच्या शाळेत गेलेले नाही. माझा मुलगा मध्य न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या सरकारी हायस्कूलमधून शिकून कॉलेजला गेला आणि मुलगी त्याच शाळेत अकरावीत आहे, त्यामुळे या दाखल्याचे उत्तर देणे मला भाग आहे.

इथे बोर्ड नाही हे खरे आहे. पण दहावीच्या मार्चमध्ये जो ताण आमच्या वाट्याला काही आठवडे आला, तो इथे नववीच्या सप्टेंबरपासून बारावीच्या जानेवारीपर्यंत पसरलेला असतो. नववीतल्या पहिल्या चाचणीचा गुणही ट्रान्सक्रिप्टवरच्या, म्हणजे कॉलेजांना जाणाऱ्या चार वर्षांच्या गुणपत्रकावरच्या, सरासरीत मुरतो आणि तो तिथून कधी पुसला जात नाही. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीचे गुण पोर्टलवर चढले आणि मुलीची त्या विषयाची सरासरी नव्वदवरून एकोणनव्वदवर आली. ए मायनसचा बी प्लस झाला होता. तिने ताट बाजूला सारले, शिक्षकांना पाठवायची ईमेल तीनतीनदा खोडून लिहिली आणि मग मध्यरात्रीपर्यंत इतिहासाच्या एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या अभ्यासक्रमाचे, वाचन करत बसली, कारण सकाळी वेळ मिळणार नव्हता, पावणेसातला बस येते. अकरावीचे वर्ष म्हणजे ऑक्टोबरात पीएसएटी ही सराव चाचणी, हिवाळाभर एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या चाचणीची तयारी, मेमध्ये ओळीने एपीच्या परीक्षा, आणि या सगळ्यात मार्चिंग बँड, वाचनालयातले स्वयंसेवेचे तास, वादविवादाचा क्लब. कॉमन ॲप या कॉलेज प्रवेशाच्या सामाईक अर्जावर दहा उपक्रम लिहायला जागा असते आणि ती रिकामी सोडण्याची हिंमत आमच्या भागातले कोणतेही मूल करत नाही. त्यातच दर महिन्याला आगीच्या कवायतीबरोबर सुरक्षेची कवायत असते, दिवे मालवून वर्गाच्या कोपऱ्यात न बोलता बसण्याची. तिच्याबद्दल मुले घरी सांगतही नाहीत.

आमच्या शेजारचा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा शाळाजिल्हा गुणवत्तेसाठी नावाजलेला आहे. 2015 साली तिथले सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळाजिल्ह्याचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिले. आदल्या शैक्षणिक वर्षात सव्वाशेच्या आसपास विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याच्या तपासणीची शिफारस करावी लागली होती आणि त्यांतल्या चाळीस जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरवल्या, लहान वयातल्या प्रगत गणिताच्या तुकडीला लगाम घातला. त्यावरून पालकांत फूट पडली आणि ती बरीचशी वंशाच्या रेषेवर पडली: गोऱ्या पालकांपैकी अनेकांना हायसे वाटले, तर आपल्या आणि चिनी पालकांपैकी अनेकांना मुलांच्या पायाखालची शिडी काढून घेतल्यासारखे वाटले. परीक्षा काढल्याने ताण जातो असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. तिथे परीक्षा गेल्या, पण कॉलेजच्या जागांसाठीची चढाओढ होती तिथेच राहिली.

बोर्डाच्या परीक्षेतली एक गोष्ट मात्र माझ्या मित्रांना दिसत नाही, कारण ती त्यांना फुकट मिळालेली आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून रयतच्या शाळेत शिकून दहावी झालो. वडील एसटीत कंडक्टर होते. माझी उत्तरपत्रिका ज्यांनी तपासली त्यांच्यापुढे फक्त एक बैठक क्रमांक होता. माझे नाव, जात, गाव, वडिलांचा पगार, यांतले काहीच नव्हते. इंग्रजीत मी अडखळत होतो, मोठ्यांसमोर बोलायची भीड वाटत होती, दहा उपक्रम सोडा, एक लिहिता आला नसता. माझ्याविषयी शिफारसपत्र लिहिणारा कौन्सेलर मला मिळाला नसता आणि साडेसहाशे शब्दांत स्वतःची कहाणी रंगवून सांगणे मला जमले नसते. क्लासवाल्यांनी आज त्या परीक्षेचे काय करून ठेवले आहे ते मला माहीत आहे. तरीही पैसा आणि ओळख नसलेल्या मुलाला अनोळखी परीक्षकासमोर बरोबरीने उभे करणारी दुसरी व्यवस्था मी अजून पाहिलेली नाही, अमेरिकेत तर नाहीच.

इथे तुमची शाळा तुमचा पत्ता ठरवतो. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला 10,000 डॉलरच्या वर गेला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक शाळांकडे जातो. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या रॉड्रिगेझ खटल्यात ठरवून टाकले. ट्रेंटन, कॅमडेन, न्यूअर्क इथल्या गरीब मुलांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा मिळावा म्हणून न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाला अ‍ॅबट खटल्यात 1990 साली आणि पुढेही वारंवार निकाल द्यावे लागले. आपल्याकडे घटनेतच शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारे कलम 21अ आहे, खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखणारा 2009 चा कायदा आहे, आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खाजगी शाळांना पंचवीस टक्के जागांतून सूट दिली तेव्हा उच्च न्यायालयाने ती काही महिन्यांत रद्द केली. आमच्या टाउनशिपमध्ये शेजारच्या गरीब गावातल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवा, असे कोणी सभेत म्हटले तर काय होईल, याची मला कल्पना आहे.

दाखला द्यायचाच असेल तर खरा देता येईल असाही एक आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो, सोबत शाळेने दिलेली मदतनीस असते, त्याला परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, आणि या सगळ्याचा खर्च शाळाजिल्हा करतो, कारण 1975 पासून अपंग मुलांच्या शिक्षणाचा तसा कायदा आहे. मुले त्याला बाजूला काढत नाहीत, त्याची कीवही करत नाहीत. माझ्या आतेभावाच्या अशाच मुलाला पुण्यात तीन शाळांनी नाकारले. पण गटावर या दाखल्याची आठवण कोणाला होत नाही, सगळे बोर्डापाशीच अडलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी वसाहत झाली आणि दोन हायस्कूलांच्या हद्दी बदलण्याचा प्रस्ताव आला. शाळा मंडळाची सभा रात्री अकरापर्यंत चालली. माइकवर आधी नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटे बोलायचे. आपले लोक रांगेत पुष्कळ होते, मीही होतो. आम्ही बसचे अंतर, मुलांच्या मैत्री, वर्गातली गर्दी यांवर बोललो. घरांच्या किमतीबद्दल बोललो नाही, तरी ती सगळ्यांच्या मनात होती. माझ्यानंतर एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. त्यांचे वडील या शाळेत शिकले होते, ते स्वतः इथेच शिकून पुढे फुटबॉलच्या संघाला शिकवत होते, आणि त्यांच्या घराला या प्रस्तावाची झळ लागत नव्हती. ते शाळेबद्दल माणसे घराबद्दल बोलतात तसे बोलले. मला तसे बोलता आले नसते. माझ्या मुलीला येईल. शुक्रवारच्या सामन्याला बँडच्या गणवेशात क्लॅरिनेट घेऊन ती निघते तेव्हा ती जिला ‘आमची शाळा’ म्हणते, ती हीच. मी ‘आमची शाळा’ म्हणतो तेव्हा मला अजून कौलारू इमारत आणि सकाळची प्रार्थना दिसते. बोर्डाच्या वादात मी इतका हिरिरीने उतरतो त्याचे कारण हेही असावे की आतून ओळखलेली शाळा माझ्यापाशी तेवढी एकच आहे.

गटावर मी यातले बरेचसे लिहिले तेव्हा एकाने विचारले की बोर्डाचे एवढे कौतुक असेल तर मुलांना घेऊन परत का आला नाहीस. प्रश्न रास्त आहे. इथल्या शाळेत मुलीला मिळालेल्या प्रयोगशाळा, वाचनालय आणि प्रश्न विचारला म्हणून न रागावणारे शिक्षक मला तिच्याकडून काढून घ्यायचे नव्हते, आणि ज्या पत्त्यामुळे ते मिळाले तो आम्ही ऐपत ताणून घेतला आहे. तिचे बारावीचे वर्ष अजून बाकी आहे, ते पुरे होईपर्यंत आम्ही इथून हलणार नाही. त्यानंतर कुठे राहायचे हा विषय मी आणि माझी पत्नी आजवर पुढे ढकलत आलो आहोत.